भोंग्याचा बंबखाना

बंबखान्याची इमारत नव्याने बांधून काढायची असं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद भोंग्याला व्हायला हवा होता. कारण त्या इमारतीला त्याच्याइतक्या शिव्या कुणीच दिल्या नव्हत्या. छप्पर गळतं म्हणून शिव्या, न्हाणीघरात गरम पाणी नाही म्हणून शिव्या, खाली बंब सुरू केला की त्याचा काळा धूर जिन्यातून थेट वर झोपायच्या खोलीत येतो म्हणून तर रोजच्या रोज शिव्या. आणि त्याही हळू आवाजात नाहीत. या माणसाला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. त्याने जेवताना मीठ मागितलं तरी रस्त्यापलीकडच्या दुकानदाराला वाटायचं, आपल्यालाच हाक मारली. म्हणून तर त्याचं नाव भोंगा पडलं. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त हजेरीच्या वेळी उपयोगी पडायचं.

साहेबांनी, म्हणजे केंद्राच्या प्रमुखांनी, सगळ्यांना अंगणात उभं करून बातमी सांगितली. जवानांनी टाळ्या वाजवल्या. भोंग्यानेही वाजवल्या, पण त्या इतर वाजवतात म्हणून. नक्की काय ठरलंय ते त्याला नंतर कळलं, भिंतीवर नकाशा लागला तेव्हा. तो नकाशा त्याने बोट फिरवत दोनदा वाचला.

वरच्या मजल्याची लाकडी फळ्यांची जमीन उखडून तिथे काँक्रीटचा स्लॅब. एका मोठ्या खोलीऐवजी दोघादोघांच्या लहान खोल्या. जमिनीवर रबर, भिंतींना आवाज खाणारं अस्तर. पितळी घंटा रद्द, त्याऐवजी छतात स्पीकर. त्यातून आधी अगदी हळुवार सूर येणार आणि तो सावकाश वाढत जाणार. का, तर जवान दचकून उठू नयेत, त्यांच्या हृदयावर ताण येऊ नये.

हृदयावर ताण येऊ नये म्हणे! इथे भोंग्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं होतं.

आता खरी गोष्ट सांगून टाकतो, तुमच्यापासून लपवून काय करायचंय? भोंगा बहिरा होत चालला होता. चालला होता कसला, बराचसा झालाच होता. तो बंबावरचा पंप चालवायचा. आग लागली की बाकीचे जवान पाइप ओढत आत पळतात आणि पंपवाला बाहेर बंबापाशी उभा राहून पाणी सोडतो, वाढवतो, बंद करतो. आतल्यांचा जीव त्याच्या मुठीत असतो. वर्षानुवर्षं त्या इंजिनाला खेटून उभं राहिल्यावर आणि डोक्यावर सायरन कोकलत असल्यावर कान काय खाक शाबूत राहणार? आधी बारीक आवाज गेले. मग माणसांचे शब्द गेले, नुसता गलका राहिला. मग गलकाही पातळ होत गेला.

पण बिंग फुटलं नव्हतं, आणि त्याला कारण त्याच फळ्या. वर्दी आली, म्हणजे कुठे आग लागल्याचा निरोप आला, की खालचा माणूस घंटेची दोरी ओढायचा. घंटा ज्या भिंतीला ठोकलेली होती ती थरथरायची आणि पहिला जवान खाटेवरून उतरताच अख्खी जमीन हादरायची. भोंगा नेहमी एक हात खाटेखाली सोडून, तळवा फळ्यांना टेकवून पडायचा. लोकांना वाटायचं, असते एकेकाची सवय. हाताला थरथर लागली की हा उठलाच. खाली घसरायच्या खांबाला मिठी मारणाऱ्यांत पहिला नंबर कायम भोंग्याचा. नव्या पोरांना साहेब सांगायचे, "कान कसे तयार हवेत ते भोंगाकाकांकडून शिका." आता बोला!

बाकीचं त्याने हुशारीने निभावलं होतं. जेवायला भिंतीला पाठ लावून बसायचं, म्हणजे सगळ्यांचे ओठ दिसतात. चारचौघं हसले की आपणही हसायचं. फोन कायम बिघडलेला. तपासणीच्या वेळी डॉक्टर मागे उभे राहून काहीतरी पुटपुटायचे, तर हा समोरच्या काचेच्या कपाटात त्यांचे ओठ बघून उत्तर द्यायचा. आणि आगीच्या जागी आपल्याला ऐकायची गरजच पडत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. पाण्याचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर डोळा ठेवायचा, पंपाला हात लावायचा, पाइपावर पाय ठेवायचा. "पाण्याला काय हवंय ते माझ्या हाताला कळतं," असं तो छाती ठोकून सांगायचा.

शिवाय उंबरठेकर होता. हा त्याचा भरतीच्या दिवसापासूनचा दोस्त. आगीत सगळ्यात पुढे, पाइपाचं नोझल हातात धरून शिरणारा. गडी वाघ, पण त्याला एक खोड होती. ऐन आगीत नोझल जोडीदाराच्या हातात देऊन तो दाराशी यायचा, बाहेर तोंड काढायचा, हात वर-खाली करायचा आणि पुन्हा आत जायचा. एकदा कागदाच्या गोदामाच्या आगीत तो असाच दाराशी आला आणि तेवढ्यात आत एकट्या राहिलेल्या जोडीदाराचे दोन्ही हात पोळले. त्या दिवशी सगळ्यांत आधी भोंगाच त्याच्यावर ओरडला होता, "तू दारात काय झक मारत होतास?" मग राग निवला आणि त्याची चेष्टा झाली. याला धूर सोसत नाही, हा उंबरठ्यावर हवा खायला येतो, म्हणून हा उंबरठेकर. नाव भोंग्यानेच ठेवलं. सगळा बंबखाना हसला, उंबरठेकरही हसला. पण नोझल सोडून जाणारा म्हणून त्याच्यावर शिक्का बसला तो बसलाच, आणि त्याची बढती प्रत्येक वेळी हुकत गेली.

भोंग्याच्या बायकोला नवऱ्याच्या कानांचं सगळं ठाऊक होतं. घरात लपणार कसं? ती त्याच्यासमोर येऊन, हनुवटी वर करून, एकेक शब्द मोकळा करून बोलायची.

"अहो, साहेबांना सांगून टाका ना एकदाचं. कानाचं मशीन मिळतं हल्ली. एवढंसं असतं."

"आणि मशीन लावून मला पंपावर उभं राहू देतील?" भोंगा म्हणाला. "गेटवर बसवतील, गेटवर!"

गेटवर म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. पूर्वी बंब चालवणारा एक जण होता. त्याचे गुडघे गेले तेव्हा त्याला गेटपाशी खुर्ची दिली होती. वर्दी आली की सगळे त्याच्यासमोरून सुसाट निघून जायचे, आणि तो खुर्चीतून उठून बंब दिसेनासा होईपर्यंत उभा राहायचा. मग पुन्हा बसायचा. भोंग्याला आगीची भीती कधी वाटली नव्हती, पण त्या खुर्चीच्या नुसत्या आठवणीने त्याला घाम फुटायचा.

"आणि उद्या तुम्हाला ऐकू आलं नाही म्हणून कुणाचं काही झालं तर?" बायकोने विचारलं.

"इतक्या वर्षांत झालंय का?"

तिने विषय सोडला. पण त्या दिवसापासून तो कामाला निघाला की ती दारापर्यंत यायला लागली, आणि ते त्याला आवडेना.

काम सुरू व्हायच्या आधी आर्किटेक्ट बाई आल्या. तरुण, उत्साही, मनाने चांगल्या. नकाशा ठोकून मोकळ्या झाल्या असं नाही, एकेकाला समोर बसवून त्यांनी विचारलं, तुम्हाला काय हवं? कुणी गरम पाणी मागितलं, कुणी काजळीचे कपडे ठेवायला वेगळी खोली मागितली. धुराचं काहीतरी करा, असं तर सगळ्यांनीच सांगितलं. भोंग्याची पाळी आली.

"फळ्या!" तो गरजला. "फळ्यांना हात लावू नका. आणि घंटेलाही."

"का बरं, काका?"

आता का ते काय सांगणार? भोंगा जे तोंडाला येईल ते बोलत सुटला. "या फळ्यांवर आमच्या आधीची माणसं झोपलीत, बाई. ज्यांचे फोटो तिथे भिंतीवर आहेत ती. घंटा म्हणजे या घराचा जीव आहे. जीवच काढून घेतलात तर नुसत्या भिंतींना रंग देऊन काय उपयोग?"

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जवान एकमेकांकडे बघायला लागले. कालपर्यंत त्याच मजल्याला उंदरांचं बीळ म्हणणारा माणूस हा! दुसऱ्या दिवसापासून त्याला चिडवायला ऊत आला. कुणी म्हणे, काका आता पागोटं बांधून इतिहासावर भाषणं देणार. कुणी म्हणे, गळक्या छपराखालची बादलीही जपून ठेवा. उंबरठेकर तेवढा हसला नाही. तो नुसता भोंग्याकडे बघत राहिला.

थोड्या दिवसांनी बाई नवा नकाशा घेऊन अक्षरशः धावत आल्या. "काका, तुमचं ऐकलं बरं का मी!" घंटा आता दर्शनी दालनात, काचेच्या पेटीत, खालून दिवा सोडून ठेवणार होते. आणि फळ्यांचं जेवायचं टेबल करणार होते, अख्ख्या बंबखान्याला पुरेल एवढं लांबलचक. बाई इतक्या आनंदात होत्या की त्यांना काही बोलायची सोय नव्हती. भोंग्याने हसून मान डोलावली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने मीठ मागितलं नाही, पानात पडलं ते गपगुमान खाल्लं.

काम सुरू झालं. वर्दी कुणासाठी थांबत नाही, म्हणून अर्धी इमारत चालू ठेवायची आणि अर्धी पाडायची, असा बेत होता. आणि खोटं कशाला बोला, काम झकास होत होतं. जुने लाकडी दरवाजे ओढायला दोन माणसं लागायची. तिथे बटण दाबलं की वर सरकणारी शटरं आली. बंबाच्या नळकांड्याला जोडायचा एक जाड पाइप छतातून आला आणि सगळा काळा धूर परस्पर बाहेर जायला लागला. जवान लहान मुलांसारखे खूश झाले. भोंग्यालाही मनातून ते पटत होतं, आणि म्हणूनच त्याची चिडचिड जास्त होत होती. वाईट असतं तर निदान मोठ्याने शिव्या तरी देता आल्या असत्या.

वरचा मजला रिकामा केला आणि खाटा तात्पुरत्या खालच्या कोठारात हलवल्या. कोठाराची जमीन दगडी. भोंगा हात खाली सोडून पडायचा, पण दगड कसला हलतोय? त्याची झोप उडाली. दुपारी सगळे आडवे झाले तरी हा टक्क डोळे उघडे ठेवून दाराकडे बघत बसायचा. एका दुपारी नेमका डोळा लागला. जाग आली ती कुणीतरी खांदा गदागदा हलवल्यामुळे. खोली रिकामी, आणि समोर उंबरठेकर, अंगात अर्धा कोट. "ऊठ, चल!" भोंगा धावत सुटला. बंब त्याच्यासाठी थांबला होता. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. पोट बिघडलंय, असं भोंग्याने सांगितलं. आणि ते आता खोटंही नव्हतं, कारण त्या दिवसापासून त्याला जेवण जाईना.

वरताण म्हणजे हेल्मेटात बसवायचे वायरलेस सेट आले. कानाशी एक गोळी, तोंडाशी एक दांडी. साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि सेट कसा वापरायचा ते दाखवलं. शेवटी ते उंबरठेकरकडे बघून काहीतरी बोलले आणि सगळे खो खो हसले. भोंगा सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला. साहेब काय म्हणाले ते त्याला नंतर नोटीस बोर्डावर वाचायला मिळालं. यापुढे आगीतून कुणीही दाराशी यायचं नाही, जे बोलायचं ते सेटवरून. मागाहून त्याने लांबून पाहिलं, उंबरठेकर साहेबांशी हुज्जत घालत होता. हातवारे करून काहीतरी पटवत होता. साहेब मान हलवत होते. एकदा उंबरठेकरने भोंग्याकडे बघितलं आणि मग तो बोलायचा थांबला. आपल्याबद्दल काही चाललं असेल, या विचाराने भोंग्याचं धाबं दणाणलं.

फळ्या उखडायच्या आधी त्या रिकाम्या मजल्यावर सराव करून घ्यायचा, असं साहेबांनी ठरवलं. खोलीत खोटा धूर भरायचा, एक माणसाएवढा बाहुला लपवायचा, पाइप घेऊन आत शिरायचं आणि बाहुला शोधून आणायचा. नोझलवर उंबरठेकर, त्याच्या मागे नुकतीच भरती झालेली एक मुलगी, साहेब सेट न लावता जिन्याच्या तळाशी. आणि अंगणात पंपावर भोंगा, कानाशी ती गोळी लावून.

सकाळची लख्ख वेळ होती. काहीच होणार नाही, तो स्वतःला सांगत होता, रोजचंच काम आहे. कानात काहीतरी घोंगावायचं आणि थांबायचं. शब्द म्हणून एक लागत नव्हता. त्याने पाणी सोडलं, कारण जिन्याखालून साहेबांनी हात वर केलेला दिसला. मग साहेब आत वळले. पाइप ताठ झाला, काटा स्थिरावला. वरच्या खिडकीतून धूर निघत होता.

मग काटा एकदम खाली आला. कानात जोरात घोंगावलं, थांबलं, पुन्हा घोंगावलं. भोंग्याने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. वर्षानुवर्षं त्याचे डोळे असे आपसूक दाराकडे जात आले होते. दारात कुणी नाही म्हणजे सगळं ठीक आहे. काटा खाली आला म्हणजे वर त्यांनी नोझल पुरतं उघडलं असणार, त्यांना पाणी कमी पडतंय. त्याने पाण्याचा जोर वाढवायचा दांडा पुढे रेटला. इंजिन गुरगुरलं. काटा पुरेसा चढेना म्हणून त्याने दांडा आणखी रेटला.

वर काय झालं होतं ते ऐका. जिन्यापाशी दोन पाइपांचा जोड निसटला होता. लोखंडी तोंडाचा तो मोकळा पाइप पाण्याच्या जोराने धुरात थैमान घालत होता, त्यामुळे दाराकडे जायची वाटच बंद झाली होती. नोझल बंद करून काही उपयोग नव्हता, पाणी पंपावरच बंद करायला हवं होतं. उंबरठेकर सेटवर ओरडून ओरडून तेच सांगत होता. आणि खालून पाण्याचा जोर वाढतच होता. पाइपाने भिंतीचा गिलावा फोडला, मग मुलीच्या दिशेने उसळी घेतली. उंबरठेकर मध्ये पडला आणि ते लोखंड त्याच्या खांद्यावर बसलं.

साहेब जिन्यातून धावत आले, त्यांनी भोंग्याला बाजूला ढकललं आणि दांडा मागे खेचला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठ इतके भराभर हलत होते की भोंग्याला एक अक्षर कळेना. मग त्याने बघितलं, उंबरठेकरला दोघं आधार देऊन खाली आणत होते आणि त्याचा एक हात नुसता लोंबत होता. तो बंबाच्या पायरीवर मटकन बसला.

पण गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, कुणी त्याला बोल लावलाच नाही. पंपावर भोंगाकाकांची चूक होईल हे कुणाच्या मनातही येईना. "सेटच भिकार आहेत, साहेब," असं एक जण म्हणाला आणि सगळ्यांनी तेच उचलून धरलं. नुसती खरखर येते. काय ती नवी थेरं! साहेबांनी त्या मुलीला विचारलं. तिचा सेट तर तिच्या कानावर होता. तिने भोंग्याकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे पाहिलं. सगळे तिच्याकडेच बघत होते.

"माझ्याही सेटमध्ये खरखर होती," ती म्हणाली.

भोंग्याने ते तिच्या ओठांवर वाचलं. पोरगी मानेपर्यंत लाल झाली होती. तिला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं, हे सांगायला कानांची गरज नव्हती.

दोन दिवसांत चक्रं फिरली. सेट कंपनीकडे परत पाठवायचे. छतातल्या स्पीकरवरही आता साहेबांचा भरवसा राहिला नाही. घंटा काचेच्या पेटीत घालायची नाही, पुन्हा भिंतीलाच ठोकायची. आर्किटेक्ट बाईंचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी दहा वेळा सांगून पाहिलं की स्पीकरचा आणि सेटचा काही संबंध नाही, पण ऐकतो कोण? जवान भोंग्याच्या पाठीवर थापा मारत होते. काका म्हणत होते तेच खरं! म्हणजे फळ्या सोडल्या तर भोंग्याला जे जे हवं होतं ते सगळं न मागता पदरात पडत होतं. आणि तो त्या थापांपासून अंग चोरत होता. घरी बायकोने काही विचारलं नाही. तिने नुसती त्याच्याकडे बघून मान खाली घातली, आणि ते त्याला विचारण्यापेक्षा जड गेलं.

तो उंबरठेकरला भेटायला इस्पितळात गेला. गळ्याखालचं हाड मोडलं होतं, छातीभर पट्ट्या. भोंगा खाटेपाशी जाताच उंबरठेकरने कष्टाने मान वळवली, तोंड त्याच्यासमोर आणलं आणि सावकाश बोलायला लागला. तो असा पहिल्यापासूनच बोलतो, हे भोंग्याच्या आज ध्यानात आलं.

"तू तोंड पाडून बसू नकोस. सेट परत चाललेत, कळलं ना? मी साहेबांना सांगितलंय, सेट बेकार होता. आता काळजी नाही. हाड जुळलं की मी आहेच. पूर्वीसारखा दाराशी येत जाईन."

"पूर्वीसारखा म्हणजे?"

उंबरठेकरने डोळे मिटले. बोलून गेलो, आता काय करू, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"म्हणजे काय?" भोंगा ओरडला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठून बसला.

"अरे, मग काय मी हवा खायला येत होतो?" उंबरठेकर म्हणाला. "आतून बोंब मारली तरी तुला ऐकू येत नव्हतं. शिट्टी मारून बघितली, तीही नाही. खूण केली की मात्र तू बरोबर करायचास. म्हणून येत होतो."

भोंगा उभाच राहिला. कधीपासून, असं त्याला विचारायचं होतं, पण उत्तर त्याला ठाऊक होतं. कागदाच्या गोदामाच्याही आधीपासून. त्या पोळलेल्या हातांचा माणूस आता दुसऱ्या केंद्रात होता आणि त्याची बोटं अजून सरळ होत नव्हती. तो आत एकटा पडला तो भोंग्यामुळे. आणि भोंग्याने त्याच दिवशी उंबरठेकरला चारचौघांत फाडून खाल्लं होतं, वर जन्माचं नाव ठेवलं होतं.

"तुझी बढती..." तो कसंबसं म्हणाला.

"जाऊ दे रे."

"जाऊ दे काय? बोलला का नाहीस, गाढवा? एका शब्दाने बोलला का नाहीस?" त्याला इतका संताप आला होता की उंबरठेकरचा दुसराही खांदा मोडावा असं वाटत होतं, आणि त्याच वेळी डोळे भरून येत होते.

"बोललो असतो तर तुला गेटवर बसवलं असतं," उंबरठेकर म्हणाला. "मला ते बघवलं नसतं."

भोंगा तसाच बाहेर पडला. निरोपसुद्धा घेतला नाही. रस्त्यात त्याने स्वतःला हजार गोष्टी सांगून पाहिल्या. वर्षभर थांबावं. बढतीचं काहीतरी करून उंबरठेकरची भरपाई करावी. कानाचं मशीन गुपचूप आणावं, हेल्मेटाखाली कुणाला दिसतंय? प्रत्येक गोष्ट थोडा वेळ बरी वाटायची. मग त्याला दिसायचं, धुरातून एक माणूस नोझल सोडून दाराकडे निघालाय आणि त्याच्या मागे ती नवी मुलगी एकटी उभी आहे.

बंबखान्यात मजूर वरच्या फळ्या उखडत होते. अंगणात धूळच धूळ. साहेब नव्या खोलीत होते. अजून रंगही सुकला नव्हता, टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली, आणि कोपऱ्यात सेटची खोकी परत पाठवायला बांधून ठेवलेली. भोंगा आत गेला आणि दार लावून घेतलं.

"सेट परत पाठवू नका, साहेब," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज लहान निघाला असावा, कारण साहेब पुढे वाकले. "सेट चांगले आहेत. त्या पोरीला खरं बोलायला सांगा, तिला सगळं ऐकू आलं होतं. उंबरठेकर दाराशी यायचा तो माझ्यासाठी. माझे कान गेलेत. आज नाही, केव्हाच गेलेत."

साहेब उठले, खिडकीपाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. भोंग्याला दिसलं की त्यांचे खांदे हलतायत, म्हणजे ते बोलतायत. शिव्या देत असतील. कदाचित समजूतही घालत असतील, अजून एक संधी देतो म्हणत असतील. खिडकीच्या काचेला रंगाचे डाग होते, तिच्यात ओठ दिसत नव्हते. मान डोलवायची सवय इतकी अंगात मुरलेली की ती डोलायला लागलीच होती. त्याने ती थांबवली.

"ऐकू आलं नाही, साहेब," तो म्हणाला. "परत सांगा."

साहेब वळले. टेबलाला वळसा घालून त्याच्या अगदी समोर येऊन उभे राहिले. त्यांचे डोळे लाल झाले होते. एकेक शब्द मोकळा करून, मोठ्याने त्यांनी सांगितलं.

"आजपासून तुम्ही पंपाला हात लावायचा नाही."

हे मात्र भोंग्याला नीट ऐकू आलं.